दाखवता येत नाही, वाचून दाखवता येतं

मी आयुष्यभर लोकांना कागद न दाखवण्याचा पगार घेतला. बेळगावातल्या एका सरकारी कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये मी कारकून होतो. जमिनीचे उतारे, फेरफार, जुन्या मोजण्या, सगळं लाल फडक्यांत बांधून कपाटांत रचलेलं. त्या कपाटांच्या आणि जगाच्या मध्ये एक लाकडी खिडकी, आणि खिडकीत मी. समोर खेड्यातली माणसं उभी असायची. टोपी काढून, घाम पुसून म्हणायची, “साहेब, बाच्या नावचा उतारा पायजे हुता.” मी मान वर न करता सांगायचो, “अर्ज द्या. तिकीट लावा. आठ दिवसांनी या.” हे सांगताना मला काही वाटत नसे. उलट आपण एखादी व्यवस्था सांभाळतोय असंच वाटायचं.

तरी मी स्वतःला दयाळू समजत असे, त्याला एक कारण होतं. रजिस्टर पक्षकाराच्या हातात द्यायचं नाही, असा आमच्याकडचा दंडक. पण येणाऱ्यांतल्या निम्म्यांना वाचता येत नसे, आणि ज्यांना येई त्यांना मराठी येई, रजिस्टरातलं कन्नड नाही. मग मी रजिस्टर माझ्याकडे तोंड करून उघडायचो आणि मोठ्यानं वाचायचो. खातेदार अमुक, मयत, वारस अमुक. तो हात जोडून ऐकायचा, समाधानानं जायचा. ही पद्धत माझ्या आधीच्या कारकुनापासून चालत आलेली, पण घरी जेवताना मी ती स्वतःची म्हणून सांगायचो. “दाखवता येत नाही, पण वाचून दाखवता येतं. माणसाला अडवून कशाला ठेवायचं?” बायको ताटात भाकरी टाकायची आणि काही बोलायची नाही. ती निपाणीची. तंबाखूच्या वखारीशेजारी वाढलेली, त्यामुळे तिचा आवाज मोठा. ती गप्प बसली म्हणजे ऐकून ठेवतेय, हे मला लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी कळलं. त्या दिवसांत कळलं नव्हतं.

आमची धाकटी सगळं करायची, पण सगळं उशिरा. दीड वर्षाची झाली तेव्हा बसली. तीन वर्षांची झाली तेव्हा चालली. बोलायला लागली तेव्हा थोरलीचं दुसरीचं पुस्तक संपत आलं होतं. डॉक्टर म्हणाले, पोरगी मंद आहे, पण चांगली आहे. हे असं दोन्ही एका दमात म्हणण्याची गरज त्यांना का वाटली, यावर बायको पुढं कित्येक दिवस चिडलेली होती. सरकारी मराठी शाळेनं तिला पहिलीत दोन वर्षं बसवली आणि मग मला बोलावून सांगितलं, “हिला घरीच शिकवा.” घरी काय शिकवायचं ते सांगितलं नाही.

मग कुणीतरी सांगितलं की कॅम्पातल्या एका शाळेत अशा मुलांसाठी वेगळा वर्ग आहे. आम्ही तेव्हा उद्यमबागेकडं दोन खोल्या भाड्यानं घेऊन राहायचो. तिथून कॅम्प म्हणजे बसनं चांगलंच अंतर. पण वर्ग होता आणि वर्गाला एक बाई होत्या, आणि त्या बाईंनी धाकटीला बघून “बस इथं” म्हटलं, एवढ्यावर बायको तयार झाली. प्रवेशाचा फॉर्म इंग्रजीत, चार पानी. तो मी भरला. फॉर्म भरण्यात माझा हात धरणारा त्या काळी आमच्या गल्लीत कुणी नव्हता. एकही रकाना कोरा सोडला नाही. अक्षर असं, की शाळेच्या कारकुनानं तो फॉर्म दोनदा उलटून पाहिला. मला बरं वाटलं.

पहिलं वर्षभर बायको रोज तिला घेऊन बसनं जायची, शाळेच्या पायरीवर बसायची आणि तिला घेऊन परत यायची. त्या येण्याजाण्यात धाकटी एक गोष्ट शिकली. थांबे. तिसरं गेट, दुसरं गेट, पहिलं गेट, मग कॅम्प. रेल्वेच्या फाटकांची ही नावं, आणि आमची बस ज्या बाजूनं जायची त्या बाजूनं ती उलटी यायची. त्यामुळे धाकटीला आकडे मोजायला सांगितले की ती ठामपणे सांगायची, “तीन, दोन, एक, कॅम्प.” मी तिला सुलटं शिकवायचा प्रयत्न केला. ती माझ्याकडं दयेनं बघायची. कधी मी बरोबर असलो तरी बसमध्ये झोपून असायचो, हे तिला माहीत होतं.

ही त्र्याऐंशी-चौऱ्याऐंशीची गोष्ट. एका दिवशी शाळेत मुलांची चाचणी घ्यायला बेंगळूरहून एक साहेब आले. त्यांच्याकडं एक लाकडी पेटी, पेटीत ठोकळे आणि चित्रं. वर्गातल्या एकेका मुलाला त्यांनी खोलीत घेतलं, दार लावलं. वर्गाच्या बाईंनाही आत येऊ दिलं नाही, तसा नियम म्हणे. धाकटी बाहेर आली तेव्हा बायकोनं पायरीवरूनच विचारलं, “काय इचारलं गं?”

“काय न्हाय.”

“काय तरी इचारलं असंल की.”

“न्हाय. त्यो मामा माझ्याशी बोललाच न्हाय.”

हे बायकोनं मला संध्याकाळी सांगितलं. मी म्हटलं, मोठी माणसं असतात, कमी बोलतात. एवढ्या सरळ शब्दांत पोरीनं सगळं सांगितलं होतं, आणि आम्ही दोघंही शहाणी माणसं ते ऐकून भाजी निवडत बसलो.

महिन्याभरानं शाळेकडून पत्र आलं. इंग्रजीत, सायक्लोस्टाइल केलेलं, रिकाम्या जागेत फक्त नाव हातानं भरलेलं. मी ते बायकोला समजावून सांगितलं. तुमच्या पाल्याला निवासी संस्थेत हलवावं अशी शिफारस झाली आहे. संस्था लांब, दक्षिणेकडच्या एका शहरात. पालकांनी खालच्या जागी सही करून संमती द्यावी.

“घरला कधी येनार?”

“वर्षातून एकदा. उन्हाळ्यात.”

“का म्हनून पाठवायचं?”

“चाचणीत तसं आलंय.”

“काय आलंय?”

“ते लिहिलेलं नाही.”

बायकोनं तो कागद हातात घेतला. तिला इंग्रजी येत नव्हतं, तरी वरून खालपर्यंत बघितला. मग शेवटच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाली, “ह्ये काय?”

त्या ओळीशी माझी जुनी ओळख होती. पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास आपली संमती आहे असे गृहीत धरण्यात येईल. ही ओळ मी स्वतः शेकडो नोटिसांवर टाइप केली होती. ती कुणाच्या घरी जाते, तिथं कोण ती वाचतं, हा विचार तोवर माझ्या डोक्यात कधी आला नव्हता. बायकोला मी ती सांगितली तेव्हा ती एवढंच म्हणाली, “म्हंजे गप बसलं की हो म्हटलं?”

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून मी शाळेत गेलो. म्हटलं, आपण कचेरीतला माणूस, आपली भाषा त्यांना कळेल. शाळेच्या कचेरीला अगदी आमच्यासारखीच लाकडी खिडकी होती, आणि खिडकीत पस्तिशीचा एक कारकून. मी म्हटलं, “माझ्या मुलीच्या चाचणीत काय लिहिलंय ते बघायचं होतं.”

“अर्ज द्या,” तो मान वर न करता म्हणाला.

अर्ज मी लिहून नेलाच होता. त्यानं तो घेतला, तारीख टाकली. “आठ दिवसांनी या.”

आठ दिवस म्हणजे आठच दिवस, हे ज्याला लागू पडतं तो खिडकीच्या आत बसलेला असतो. बाहेरच्याला ते फार लांब असतात. घरात धाकटी मण्यांची माळ ओवत बसलेली असायची. ओवायची, उसवायची, पुन्हा ओवायची. बायको तिच्याकडं बघायची आणि मग माझ्याकडं. मी वर्तमानपत्र वर धरायचो. आठव्या दिवशी गेलो तर कारकून म्हणाला, “मोठ्या बाई गावाला गेल्यात. नाळे बन्नी.” उद्या या. उद्या गेलो तर बाई बैठकीला. दहाव्या दिवशी गेलो तेव्हा मात्र त्यानं पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडं नीट बघितलं.

“साहेब, वळखलं न्हाय व्हय मला?”

मला आठवेना.

“मी कंग्राळीचा. बाच्या नावचा उतारा पायजे हुता. चार खेपा आलतो तुमच्या खिडकीला. पाचव्या खेपेला तुमी जेवाय गेलता.”

मी खरंच आठवायचा प्रयत्न केला. एकही चेहरा आठवेना. अशी किती माणसं जेवायच्या सुट्टीत परत गेली असतील, त्याचा हिशेब कुठल्याच रजिस्टरात नव्हता. मी अवघडून म्हटलं, “म्हणजे आता तुम्ही माझ्यावर उट्टं काढताय म्हणा की.”

“उट्टं कसलं, साहेब. पद्धत शिकलो. नोकरी लागली तवा मला काय बी येत न्हवतं. तुमचं बघितलेलं ध्यानात हुतं.”

“पण ही माझ्या पोरीची गोष्ट आहे हो.”

“माझी बी बाचीच हुती की.”

मी म्हटलं, बरं, चूक झाली, पण पाच दिवस उरलेत, निदान ती नोंद तरी दाखवा. त्यानं मान हलवली. “पालकास्नी दाखवायचं न्हाय. गोपनीय हाय. नियम हाय.”

“नियम कुठं लिहिलाय? तो तरी दाखवा.”

“त्यो बी आतल्या फायलीत हाय. फाईल दाखवता येत न्हाय.”

हे तो चेष्टेनं बोलत नव्हता. तेच फार वाईट होतं. अगदी याच सुरात, याच चेहऱ्यानं मी इतकी वर्षं बोलत आलो होतो. ते समोरून ऐकायला कसं लागतं ते मला त्या दिवशी कळलं. त्याच्यावर ओरडावं की स्वतःवर, याचा निर्णय न झाल्यामुळे मी बसस्टॉपवर जाऊन उभा राहिलो आणि चुकीच्या बसमध्ये चढलो.

घरी येऊन मी सगळा राग बायकोसमोर काढला. सरकार, शाळा, बेंगळूर, कंग्राळी, कुणालाच सोडलं नाही. आई-बापाला पोरीबद्दल काय लिहिलंय ते बघायचा हक्क नाही, पण सही मात्र त्यांचीच पाहिजे, हा कुठला न्याय. मी तक्रार करीन, वर लिहीन, पेपरात देईन. ती पीठ मळत होती. माझं संपल्यावर म्हणाली, “तुमी खिडकीत काय करता वो?”

“काय करतो म्हणजे?”

“ज्येवताना सांगता की. दावता येत न्हाय, वाचून दावता येतं. मग त्या भाऊला वाच म्हना की.”

मी तिला समजावलं, की ती वेगळी गोष्ट, तिथं माणसं अडाणी असतात, मी तर सरकारी कारकून, मला वाचून दाखवा म्हणणं बरं दिसत नाही. ती म्हणाली, “तुमाला वाचता येतंय. मला कुठं येतंय?” खरं तर ती सातवी पास. मराठी वर्तमानपत्र जाहिरातींसकट वाचायची. पण शाळेतला कागद कन्नडात आणि इंग्रजीत, आणि त्या दोन्ही भाषांत ती खरोखरच निरक्षर होती. खोटं काहीच नव्हतं.

बाराव्या दिवशी आम्ही तिघं गेलो. खिडकीशी बायको पुढं झाली. “भाऊ,” ती कारकुनाला म्हणाली, “कागद माझ्या हातात नगो. मला त्यातलं कळत बी न्हाय. तुमी वाचा, मी ऐकते.”

कारकुनानं तिच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. त्याच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच काहीतरी हललं. बहुतेक पाचव्या खेपेनंतर कधीतरी, माझ्याच खिडकीत, मी त्यालाही तो उतारा वाचून दाखवला असणार. तो उठला आणि आत मोठ्या बाईंच्या खोलीत गेला. थोड्या वेळानं आम्हाला आत बोलावलं.

मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका. थकलेल्या, केस पांढरे, पुस्तकी मराठी बोलायच्या, सावकाश. त्या म्हणाल्या, “हे गोपनीय असते. पालकांना वाईट वाटू नये म्हणून आम्ही दाखवत नाही.”

“दावू नका की, बाई. वाचा.”

“ते एकच झाले ना.”

“एक कसं? आमच्या ह्यांच्या हापिसात येगळं धरत्यात.” बायकोनं माझ्याकडं बोट केलं. मी मान डोलावली. आयुष्यात पहिल्यांदाच माझ्या कचेरीचा दाखला कुणाच्या तरी उपयोगी पडत होता. “आनि बाई, तुमीच हो म्हना म्हनून पत्र लिवलंय. कशाला हो म्हनायचं ते ऐकल्याबिगर हो कसं म्हनू? सही ह्यांची असंल. पोर माझी हाय.”

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग कारकुनाला म्हणाल्या, वाचा. नियमात वाचून दाखवू नये असं काही आढळत नव्हतं, किंवा त्यांना त्या दुपारी ते शोधायचं नव्हतं. कारकुनानं रजिस्टर स्वतःकडं तोंड करून उघडलं, अगदी माझ्यासारखं, आणि एकेक ओळ वाचून मराठीत सांगू लागला.

“मुलगी. वय आठ. वडील सरकारी नोकर. मातृभाषा कन्नड.”

“थांबा,” बायको म्हणाली. “परत वाचा.”

“मातृभाषा कन्नड.”

“ह्ये कुनी लिवलं?”

कारकुनानं रजिस्टरला मागं टाचलेला प्रवेशाचा फॉर्म उलगडला. उलटं वाचणं ही आमच्या धंद्यातली कमाई. टेबलाच्या पलीकडून मला ते अक्षर लगेच ओळखू आलं. सुरेख, गोलाई धरून लिहिलेलं. “साहेबांचं अक्षर लई झ्याक हाय,” कारकून म्हणाला.

आता इथं मला माझ्याबद्दल सांगावं लागेल. त्या वर्षांत भाषेचा प्रश्न आमच्याकडं हवेतच होता. चहाच्या टपरीवर मी मराठीवर एवढा मोठ्यानं बोलायचो की टपरीवाला माझ्या कपात साखर जास्त घालायचा. पण रजिस्टरातल्या ठरावीक शब्दांपलीकडं मला कन्नड येत नसे. फॉर्म भरायच्या दिवशी मी खात्याच्या कन्नड परीक्षेत दुसऱ्यांदा नापास झालेलो होतो, आणि त्यामुळे इतक्या वर्षांनीही नोकरी कायम व्हायची होती. त्या रकान्यापाशी पेन आलं आणि मला वाटलं, हा कागद कुठंतरी वर जाईल, कुणीतरी बघेल. कन्नड लिहिलं तर प्रवेशही पटकन होईल. कोण तपासायला येतंय? मी कन्नड लिहिलं आणि पुढच्या रकान्याकडं गेलो. नंतर विसरलोही. दोन-तीन सेकंदांचं काम होतं.

कारकून पुढं वाचू लागला. आता त्याचा आवाज खाली आला होता. “तोंडी प्रश्न मुलीच्या मातृभाषेत, कन्नडमध्ये विचारण्यात आले. एकाही प्रश्नाला प्रतिसाद नाही. स्वतःचं नाव सांगत नाही. सोपी आज्ञा पाळत नाही. शिकवण्याजोगी नाही.” तो थांबला. “सांभाळण्याजोगी आहे.”

बायको जमिनीकडं बघत होती. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. ती माझ्याकडं न बघता म्हणाली, “तुमाला येतंय व्हय कन्नड?”

“परीक्षेपुरतं.”

“त्यात बी दोनदा नापास.”

कारकुनानं तोंडावर हात धरला. मोठ्या बाई चष्मा पुसू लागल्या. आणि धाकटी बाकावर बसून पाय हलवत होती, तिच्याबद्दल चाललंय याची तिला कल्पना असेल-नसेल. कारकुनानं रजिस्टर मिटून तिच्याकडं वळून विचारलं, “निन्न हेसरू येनु?” तुझं नाव काय. ती भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत राहिली. मग त्यानं मराठीत विचारलं, “तुझं नाव काय गं?” तिनं नाव सांगितलं. माझं नाव सांगितलं. थोरलीचं सांगितलं. कुठं राहतेस विचारल्यावर ती उभी राहिली आणि, “उद्यमबाग. तिसरं गेट. दुसरं गेट. पहिलं गेट. कॅम्प,” असं सगळं सांगून, आपण उतरलो या समाधानानं पुन्हा बाकावर बसली.

मोठ्या बाई म्हणाल्या, “चाचणी पुन्हा घ्यावी लागेल. पण ते साहेब आता पुढच्या वर्षी येतील. तोपर्यंत नोंद दुरुस्त करायला हवी.”

कारकुनाला हे पाठ होतं, मलाही पाठ होतं, आणि आम्ही दोघं जवळजवळ एकदमच म्हणालो, मूळ नोंद खोडता येत नाही. लाल शाईची रेघ मारायची, वर दुरुस्ती लिहायची, आणि मूळ लिहिणाऱ्यानं चूक होण्याचं कारण देऊन सही करायची. मी तिथंच कोरा कागद मागून अर्ज लिहायला बसलो. कारणाच्या ओळीपाशी पेन अडलं.

“काय लिवताय?” बायकोनं विचारलं.

“अनवधानानं झालं, असं.”

“भ्यालो म्हनून लिवा.”

मी अनवधानानं असंच लिहिलं. कचेरीत सगळ्या चुका अनवधानानंच होतात, भिऊन झालेली एकही चूक मी पाहिलेली नाही. पण तिचा तो शब्द माझ्या कानातून अजून गेलेला नाही, आणि तो लिहिला असता तर काय बिघडलं असतं असं आता वाटतं. कारकुनानं अर्ज घेतला आणि खाली त्याच दिवसाची तारीख टाकून शिक्का मारला. मी आश्चर्यानं बघितलं तर म्हणाला, “आठ दिवस तुमच्यासाठी असत्यात, साहेब. हिच्यासाठी न्हाय.” पत्राच्या खाली मी ‘संमती नाही’ असं लिहिलं. आईच्या सहीला तिथं जागाच ठेवलेली नव्हती. बायकोनं समासात, मराठीत, जमेल तेवढी मोठी सही केली.

पुढच्या वर्षी चाचणी मराठीत झाली. धाकटी हुशार निघाली, आम्ही सगळे चकित झालो, असं काही घडलं नाही. मंदच निघाली. पण शिकवण्याजोगी निघाली, आणि घरी राहिली. माझ्याबद्दल विचाराल तर, त्या प्रकारानंतर मी रेकॉर्ड रूममध्ये एक महिनाभर रजिस्टर फिरवून लोकांच्या समोर करत असे. मग साहेबांनी बघितलं आणि झापलं. मी पुन्हा वाचून दाखवू लागलो. फक्त जेवायच्या सुट्टीत खिडकी उघडी ठेवायला लागलो, एवढीच काय ती माझी सुधारणा.

बायको मात्र त्या दिवसापासून दर जूनमध्ये शाळेच्या खिडकीशी हजर व्हायची. “भाऊ, वाचा.” कंग्राळीचा कारकून वाचायचा, कन्नड आणि इंग्रजी शेरे मराठीत सांगत बसायचा, आणि बायको मध्येच थांबवून विचारायची, म्हंजे काय? दोन-तीन वर्षांत तो एवढा कावला, की त्यानं वर्गाच्या बाईंनाच विनवलं, या एका मुलीचा शेरा मराठीत लिहा, माझा जीव वाचवा. तेव्हापासून त्या रजिस्टरात आमच्या धाकटीचं पान तेवढं मराठीत होतं. मी ते कधी पाहिलं नाही. मला दाखवायची परवानगी नव्हती.

वर्ग सोडायच्या वर्षी ती पंधराची होती. वर्गाच्या बाईंनी पाच वर्षं मेहनत करून तिला वाचायला शिकवलं होतं. बोट ठेवून, एकेक अक्षर धरून, जोडाक्षराशी थांबून श्वास घेऊन. शेवटचं म्हणून आम्ही तिघंही गेलो. बायकोनं खिडकीशी नेहमीसारखं म्हटलं, “भाऊ, वाचा.” कारकुनाचे केस आता कानांजवळ पांढरे झाले होते. त्यानं रजिस्टर काढलं, पान शोधलं, आणि उघडताना थांबला.

“वैनी,” तो म्हणाला, “पालकास्नी दाखवायचं न्हाय असा नियम हाय. पोरीला दाखवायचं न्हाय असं कुठं लिवलंय?”

आणि त्यानं रजिस्टर फिरवून तिच्यासमोर केलं.

धाकटीनं पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. ओठ हलत होते. घाई तिला कधीच नव्हती. आमची बस समोरच्या स्टॉपवर आली, थांबली आणि गेली. “आ-क-लन,” ती पुटपुटली. “आकलन मंद.” मान वर करून कारकुनाला म्हणाली, “मंद म्हंजे हळू. ते मला ठाऊक हाय.” आणि पुन्हा बोट खाली नेलं.

मला राहवेना. मी जरा पुढं झुकलो. इतकी वर्षं उलटं वाचण्याची सवय, एक ओळ तरी दिसली असती. तिनं डावा हात पसरून पानावर ठेवला.

“आप्पा, तुमी बघू नगा,” ती म्हणाली. “थांबा. मी वाचून दावते.”